कवचवस्त्रांचा कैवार

मोटारसायकलवरून जाणाऱ्या मनुष्याने खांदे, कोपर, पाठ, कंबर आणि गुडघे या ठिकाणी आघात शोषणारी कवचे बसविलेला चिवट विणीचा पोशाख, हाताला कठीण तळव्याचे हातमोजे आणि पायाला घोट्याच्या वर जाणारे बूट घालावेत, हे मत आपल्या समाजात अद्याप एका लहानशा पंथाचे मत समजले जाते. लेह-लडाखची वारी करणारे, मोठ्या इंजिनाच्या गाड्या बाळगणारे आणि रविवारी पहाटे उठून ताम्हिणी किंवा वरंध घाटाकडे निघणारे जे हौशी लोक आहेत, त्यांचा तो गणवेश. रोज सकाळी डबा अडकवून कामावर जाणाऱ्या, मुलाला शाळेत सोडणाऱ्या आणि परतताना मंडईतून भाजी आणणाऱ्या कोट्यवधी दुचाकीस्वारांशी त्याचा काही संबंध नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत युक्तिवादाचे रूप घेते तेव्हा तिची कैफियत साधारण अशी असते, की शहरात मुळात वेगच नसतो, तेव्हा चिलखताचे प्रयोजन उरत नाही; ट्रकखाली सापडलेल्या माणसाला जॅकेट वाचवू शकत नाही; आपल्या हवेत असला पोशाख घालणे म्हणजे उन्हाने घेरी येण्यास निमंत्रण; अंगावर कवच आले की मनातले भय जाते आणि भय गेले की गाडी बेफाम सुटते; आणि सरतेशेवटी, हे सारे ऐपतवाल्यांचे सोहळे आहेत. या कैफियतीतील प्रत्येक कलम मी वर्षानुवर्षे सुबुद्ध, सुशिक्षित आणि स्वतः रोज दुचाकी चालविणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकत आलो आहे. ती माणसे मनापासून बोलतात याविषयी मला तिळमात्र शंका नाही, आणि म्हणूनच त्यांना तितक्याच मनापासून उत्तर देणे मला कर्तव्य वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे, की हा पोशाख पडण्यासाठी केलेला आहे, आणि पडणे ही शर्यतीच्या धावपट्टीपेक्षा आपल्या पेठांतल्या आणि गावांतल्या रस्त्यांवर कितीतरी अधिक वेळा घडणारी घटना आहे.

ट्रकचा मुद्दा प्रथम घेतो, कारण तो सर्वांत जोराने मांडला जातो आणि सर्वांत लवकर कोसळतो. भरधाव मालमोटारीच्या चाकाखाली आलेल्या देहाला कोणतेही वस्त्र तारू शकत नाही, हे निर्विवाद आहे. परंतु कवचवस्त्राच्या कोणत्याही प्रामाणिक कैवाऱ्याने तसा दावा केव्हा केला? प्रतिपक्षाने न मांडलेल्या दाव्याचे खंडन करून जय मिळविल्याचे समाधान मानावे, हा वादशास्त्रातील जुना दोष आहे, आणि तो या प्रश्नात सर्रास घडतो. या वस्त्रांकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, याचा हिशेब पुष्कळ काळजीने मांडला गेलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशात लिझ द रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष अपघात झालेल्या २१२ मोटारसायकलस्वारांच्या जखमांची आणि त्या वेळी अंगावर असलेल्या कपड्यांची रुजवात घालून २०११ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खास मोटारसायकलसाठी केलेले जॅकेट ज्यांनी घातले होते, त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचा संभव सुमारे २१ टक्क्यांनी कमी आढळला. तशी विजार घालणाऱ्यांच्या बाबतीत तो निम्म्याने घटला, आणि हातमोजे घालणाऱ्यांच्या बाबतीत त्याहूनही अधिक, म्हणजे सुमारे ५९ टक्क्यांनी. कवचे बसविलेली असतील तर हात, मनगटे, पाय आणि घोटे यांच्या जखमांचे प्रमाण आणखी स्पष्टपणे खाली येते, असेही त्यांना दिसले. मात्र त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट नमूद केली आहे, आणि ती लपविणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल : हाडे मोडण्याच्या प्रमाणात कवचांमुळे लक्षणीय फरक पडल्याचे त्यांना आढळले नाही.

हे शेवटचे वाक्य प्रतिपक्षाच्या हाती शस्त्र म्हणून जाईल, याची मला जाणीव आहे. तथापि ते शस्त्र बोथट आहे. हातापायांच्या कवचांसाठी युरोपात जे मानक प्रचलित आहे, त्यात ५ किलो वजनाचा ठोकळा १ मीटर उंचीवरून कवचावर सोडतात आणि पलीकडे किती बल पोहोचते ते मोजतात; पहिल्या दर्जाच्या कवचातून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत आणि दुसऱ्या दर्जाच्या कवचातून २० किलोन्यूटनपर्यंत बल पोहोचले तरी ते कवच उत्तीर्ण ठरते. इतके बल आत येऊ देणारे मानक, मोठ्या आघातात हाड मोडणार नाही अशी हमी देऊ शकत नाही, आणि ते तशी हमी देतही नाही. मग ते देते काय? गुडघ्याची वाटी रस्त्यावर घासून उघडी पडू नये, कोपराच्या टोकावरचे पातळ मांस फाटून सांध्यात खडी शिरू नये, खांद्याचा आणि कंबरेचा मुका मार आठवड्यांऐवजी दिवसांत बरा व्हावा, आणि मनुष्याने अपघातस्थळावरून शक्य तर स्वतःच्या पायांनी घरी जावे, एवढेच त्याचे आश्वासन आहे. ज्याने अशी एखादी जखम प्रत्यक्ष पाहिली आहे, तो या आश्वासनाला क्षुल्लक म्हणणार नाही. डांबरावरून घासत गेलेल्या कातडीत खडीचे कण रुतून बसतात. ते भूल देऊन ब्रशने खरवडून काढावे लागतात, न काढल्यास जखम चिघळते आणि भरली तरी निळेकाळे डाग जन्मभर राहतात. आणि कातडी पुरेशी खोलवर गेली असेल तर मांडीवरची धडधाकट कातडी सोलून तेथे लावावी लागते, म्हणजे एका जखमेच्या दोन जखमा होतात. मृत्यूच्या आकड्यांत यातले काहीही दिसत नाही. सरकारी दप्तरात या माणसाची नोंद झालीच तर ‘किरकोळ जखमी’ अशी होते, आणि तो मात्र महिनाभर कामावर जाऊ शकत नाही.

आता वेगाच्या मुद्द्याकडे वळतो. माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म येथेच आहे. पुण्यात जानेवारी २०१९ पासून हेल्मेटची सक्ती कसोशीने अमलात आणण्यास आरंभ झाला, तेव्हा त्याविरुद्ध जी चळवळ झाली तिचा एक मुख्य आधार हाच होता, की हेल्मेट महामार्गावर ठीक आहे, शहराच्या गर्दीत ताशी वीस-तीसच्या पुढे गाडी जातच नाही, तेथे ते कशाला. कवचवस्त्रांविषयी तर हा आक्षेप इतका स्वयंसिद्ध मानला जातो, की कोणी तो तपासूनही पाहत नाही. वस्तुतः पडणाऱ्या स्वाराच्या बाबतीत दोन निरनिराळ्या गती एकाच वेळी काम करीत असतात : एक पुढे जाणारी, जी गाडीच्या वेगावर अवलंबून असते, आणि दुसरी खाली येणारी, जी केवळ उंचीवर अवलंबून असते. जी वस्तू १ मीटर उंचीवरून पडते ती जमिनीला भिडताना ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने भिडते. गाडी ताशी १० ने चालली होती, ८० ने चालली होती की सिग्नलला उभी होती, याने त्या आकड्यात काडीचाही फरक पडत नाही. गाडीवर बसलेल्या माणसाचा कोपर जमिनीपासून साधारण एवढ्याच उंचीवर असतो आणि खांदा त्याहून वर. म्हणजे पेठेतल्या अरुंद बोळात गाडी घसरून जो पडला, त्याच्या कोपराला आणि खांद्याला जमिनीचा जो सरळ तडाखा बसतो, तो सपाट रस्त्यावर घसरून पडणाऱ्या शर्यतवीराला बसणाऱ्या तडाख्याइतकाच असतो. आणि वर सांगितलेल्या चाचणीत ठोकळा सोडण्याची उंचीही हीच, १ मीटरच आहे. ही कवचे मुळातच माणसाच्या स्वतःच्या उंचीवरून होणाऱ्या पतनाच्या मापाने घडविलेली आहेत. त्यांना अतिवेगाचे साधन म्हणणे हा त्यांच्या घडणीविषयीचाच गैरसमज आहे.

पुढे जाणाऱ्या गतीचे काय होते, तेही पाहू. डांबरी रस्त्यावर घासत जाणाऱ्या मानवी देहाला ताशी ४० किलोमीटर वेगातून थांबण्यास अंदाजे १० मीटर अंतर आणि जवळजवळ दोन सेकंद लागतात. दोन सेकंद म्हणजे काय, हे कापडाच्या भाषेत समजून घेतले पाहिजे. केंब्रिजमध्ये विकसित झालेल्या घर्षणयंत्रावर, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर, कापडाचा तुकडा दाबून धरतात आणि त्याला भोक पडेपर्यंतचा काळ मोजतात. साध्या सुती जीनचे कापड तेथे एक सेकंदही टिकत नाही. व्यावसायिक स्वारांच्या पोशाखासाठी या यंत्राच्या आधारे जे युरोपीय मानक ठरले, त्यात सर्वाधिक मार बसणाऱ्या भागांच्या कापडाने किमान ४ सेकंद आणि वरच्या दर्जासाठी ७ सेकंद टिकावे अशी अट होती. यंत्रावरचा काळ आणि रस्त्यावरचा काळ अगदी तंतोतंत जुळतात असे मी म्हणत नाही. पण तारतम्य ध्यानात येण्यास एवढे पुरे आहे. जाडजूड जीन घातली म्हणजे पुरेसे संरक्षण झाले, असे मानणाऱ्या माणसाचे कापड गाडी घसरल्यावर पहिल्या काही मीटरांतच संपलेले असते, आणि उरलेले अंतर तो स्वतःच्या कातडीने कापतो. ज्याच्या अंगात अर्धी चड्डी आणि पायांत चपला आहेत, त्याचे तर सारेच अंतर कातडीने कापले जाते.

अपघात भरधाव वेगातच होतात, ही समजूतही पुराव्यावर टिकत नाही. हॅरी हर्ट यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे लॉस एंजेलिसच्या परिसरातील सुमारे ९०० अपघातांची घटनास्थळी जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये आपला अहवाल सादर केला. रुंद रस्ते आणि शक्तिमान मोटारसायकली यांच्या त्या प्रदेशातही प्रत्यक्ष आदळण्याच्या क्षणी असलेला मध्यक वेग ताशी अवघा २१.५ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर निघाला. आपल्याकडे तर पडण्याची कारणे वेगाची वाटच पाहत नाहीत. वळवाची पहिली सर आली की महिनोन्महिने साचलेले तेल डांबरावर तरंगू लागते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती राज्यमार्गावर आणून पसरलेली असते. बांधकामावरची वाळू नेमकी वळणावर सांडलेली असते. पट्टे न मारलेला गतिरोधक संध्याकाळच्या अंधुक उजेडात दिसत नाही. गल्लीतून कुत्रे एकाएकी चाकाखाली येते. यांतल्या एकाही प्रसंगी पडणाऱ्याचा अपराध असतोच असे नाही, आणि एकाही प्रसंगी गाडीचा काटा साठच्या पुढे असण्याची गरज नसते.

हा शर्यतवाल्यांचा पोशाख आहे, हेही वारंवार म्हटले जाते, जणू उगमस्थान हाच दोष. त्यांचा तो होता, हे खरे आहे. पाठीच्या कण्यावरचे कवच इटलीच्या दाइनेझे कंपनीने १९७९ मध्ये बॅरी शीन या शर्यतवीराच्या सहकार्याने प्रचारात आणले. अंगरख्यातच बसविलेली आणि पडताच फुगणारी हवेची पिशवी २०१८ पासून मोटो-जीपी शर्यतींत सक्तीची झाली. पण हेल्मेट तरी कोठून आले? १९१४ च्या आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत ते स्वारांना घालावयास लावले, तेव्हा तेही शर्यतीचेच साधन होते. पुढे १९३५ च्या मे महिन्यात ब्रिटिश लेखक टी. ई. लॉरेन्स डॉर्सेटमधल्या आपल्या कुटीजवळच्या ग्रामीण रस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकविताना मोटारसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्या उपचारात सहभागी असलेले मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी त्यानंतर मोटारसायकलस्वारांच्या मस्तकाघातांचा चिकाटीने अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व प्रतिपादणारा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील निरोप्या स्वारांना हेल्मेट घालण्याचा हुकूम झाला. सामान्य नागरिकाला तो लागू होण्यास मात्र १९७३ साल उजाडावे लागले. शर्यतीच्या मैदानापासून सामान्य माणसाच्या डोक्यापर्यंतचे अंतर तुटण्यास ५९ वर्षे गेली, आणि या वर्षांत जे बळी पडले त्यांच्यापैकी पुष्कळ जण ‘आपण काही शर्यतीत धावत नाही’ असेच म्हणत असले पाहिजेत. हातमोजे, गुडघ्यांची कवचे आणि अंगरखे यांच्या बाबतीत तेवढा काळ आपण पुन्हा घालवावा, असे मला वाटत नाही.

उन्हाचा आक्षेप यापेक्षा अधिक विचारार्ह आहे, आणि त्याला मी हातचे राखून उत्तर देणार नाही. आमच्या देशात, विशेषतः चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांना टेकतो तेथे, जाड वस्त्राची कल्पनाही असह्य वाटते हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या प्रदेशात ऊन सर्वांत कडक, त्या प्रदेशातली माणसे उन्हात कशी वावरतात, याचे निरीक्षण कोणी केले आहे काय? विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी वैशाखात उघडा हिंडत नाही. तो अंगभर बंडी-सदरा घालतो, डोक्याला पटका किंवा दुपट्टा गुंडाळतो, कान झाकून घेतो. पुण्याच्या, नगरच्या, सोलापूरच्या रस्त्यांवर भर दुपारी दुचाकीवरून जाणाऱ्या स्त्रिया डोके आणि चेहरा स्कार्फने पूर्ण झाकतात, साडीवर किंवा ड्रेसवर पूर्ण बाह्यांचा सनकोट चढवितात, कोपरापर्यंतचे हातमोजे घालतात, कित्येक जणी पायांत मोजेही घालतात. आणि यांतल्या कोणालाही, अंग झाकल्याने घेरी येईल अशी भीती वाटत नाही, उलट न झाकल्यास येईल अशी खात्री असते. त्यांची खात्री शास्त्रशुद्ध आहे. मनुष्याच्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून तप्त असेल तर उघड्या अंगावर आदळणारा वारा उष्णता नेत नाही, आणून टाकतो, आणि घाम उपयोगी पडण्याच्या आतच उडवून लावतो. सच्छिद्र वस्त्राने हा झोत मंदावतो आणि घामाला आपले काम करण्यास अवसर मिळतो. म्हणजे आमच्या समाजाने उन्हापासून रक्षण करण्यासाठी दुचाकीवर पूर्ण पोशाख घालण्याची गोष्ट केव्हाच मान्य केली आहे. प्रश्न उरला तो इतकाच, की जो कोट आपण नाहीतरी घालतो, त्याचे कापड थोडे चिवट आणि त्याचे कोपर थोडे भरलेले का असू नयेत.

तरीही या आक्षेपात एक सत्यांश आहे आणि तो मी मान्य करतो. थंड देशांसाठी शिवलेले, अस्तरावर अस्तर चढविलेले किंवा अखंड कातड्याचे पोशाख आपल्या मैदानी उन्हाळ्यात, विशेषतः गाडी सिग्नलवर उभी असताना, खरोखरच त्रासदायक होतात, आणि उकाड्याने कासावीस झालेल्या चालकाचे लक्ष विचलित होते हेही नाकारता येत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील शासनांनी हा दोष ओळखला. २०१८ मध्ये त्यांनी मोटोकॅप नावाची जी परीक्षणयोजना सुरू केली, तिच्यात बाजारातून आणलेल्या पोशाखांना संरक्षणाबद्दल वेगळे गुण आणि उष्ण हवेतील सुसह्यतेबद्दल वेगळे गुण दिले जातात. उत्तर हे असे असते. कपडा गरम होतो म्हणून कातडी उघडी टाकणे हे उत्तर नव्हे. छाती-पाठीवर जाळीची वीण, सांध्यांवर चिवट कापड आणि आत मऊ राहून आघाताच्या क्षणी ताठ होणारी कवचे असा अंगरखा निवडणे हे उत्तर आहे, आणि असे अंगरखे आता आपल्या देशात तयार होतात व मोठ्या शहरांतील दुकानांत सहज मिळतात.

कवचामुळे धीट होऊन मनुष्य बेफाम होतो, या म्हणण्याला अर्थशास्त्रात एक कूळ आहे. शिकागोचे सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतील मोटारींच्या सुरक्षानियमांविषयी असाच सिद्धांत मांडला, आणि तेव्हापासून प्रत्येक सुरक्षासाधनाच्या विरुद्ध तो पुढे केला जातो. त्यावर पुष्कळ पंडिती वाद झाला आहे. त्यात मी शिरत नाही. आपल्यापुरती एक कसोटी पुरेशी आहे. उघडेपणाने सावधगिरी येत असती, तर जगातील अत्यंत सावध दुचाकीस्वार भारतात सापडले असते, कारण येथे लाखो माणसे चपला घालून, बाह्या दुमडून, मागे पत्नी आणि पुढे टाकीवर मूल बसवून रोज गाडी हाकतात. प्रत्यक्षात २०२२ मध्ये या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ४४.५ टक्के, म्हणजे सुमारे ७५ हजार, दुचाकीवरची होती. इतक्या प्रचंड प्रयोगानंतरही उघड्या गुडघ्यांतून शहाणपण उगवत नसेल, तर तो प्रयोग आता थांबविणे बरे. शिवाय, ज्याने घरातून निघताना दोन मिनिटे थांबून बूट बांधले, हातमोजे चढविले आणि जॅकेटची चेन लावली, त्याने आपण पडू शकतो ही गोष्ट प्रवासाच्या आरंभीच एकदा मनाशी कबूल केलेली असते. माझा अनुभव असा आहे, की ही कबुली माणसाला हळू करते.

आणि कोणी हे भित्रेपणाचे लक्षण म्हणत असेल, तर १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि मस्तकावर संरक्षक टोप घातला होता, ही बखरींनी सांगितलेली आणि शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेली हकीकत त्याने आठवावी. त्या सावधतेमुळे त्यांच्या शौर्याला उणेपणा आला, असे साडेतीनशे वर्षांत कोणी म्हटलेले नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. जेथे लाखाच्या पुढची गाडी घेतली जाते, तेथे हा प्रश्न उपस्थित होऊ नये असे मला वाटते. कारण तोच गृहस्थ दुकानातून गाडी बाहेर काढण्यापूर्वी तिला लोखंडी क्रॅश गार्ड बसवून घेतो, टाकीला आच्छादन घेतो, रंगाला चरा जाऊ नये म्हणून लेप देतो. यंत्र पडणार हे त्याने गृहीत धरलेले असते आणि त्या यंत्राच्या अंगाची तजवीज केलेली असते. यंत्रावर बसणाऱ्या देहाची तजवीज मात्र राहून गेलेली असते, ही गोष्ट मला फार लागते. पण ज्यांच्यापाशी खरोखरच पैसा नाही, ज्यांनी जुनी गाडी हप्त्यांवर घेतली आहे आणि जे तिच्यावरच दूध घालतात, गॅसची टाकी नेतात किंवा घरोघरी खाद्यपदार्थांचे पुडे पोहोचवितात, त्यांच्या बाबतीत हा आक्षेप खरा आहे, आणि त्यांना महाग अंगरख्याचा उपदेश करणे निष्ठुरपणाचे होईल. त्यांच्यासाठी सर्व साधने एकदम घेण्याचा आग्रह सोडून क्रम लावला पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या वर सांगितलेल्या अभ्यासात असे आढळले, की मोटारसायकलसाठी न केलेले साधे उंच बूटसुद्धा चपट्या बुटांच्या तुलनेत पावलांच्या आणि घोट्यांच्या जखमा निम्म्याहून कमी करतात. कामगारांसाठी मिळणारे मजबूत बूट फार महाग नसतात, आणि चपलेपेक्षा ते किती पटींनी बरे याला हिशेबाची गरज नाही. त्यानंतर हातमोजे, कारण पडणारा माणूस विचार करण्याच्या आधी हात पुढे टाकतो. तळवा डांबराला अडकून मनगट पिळले गेले, तर तेथील होडीच्या आकाराचे जे लहानसे हाड मोडते त्याला रक्तपुरवठा बेताचा, ते सावकाश जुळते आणि कित्येकदा पहिल्या क्ष-किरण छायाचित्रात दिसतही नाही. शिंप्याची, गवंड्याची, सोनाराची उपजीविका त्याच हाडावर उभी असते. मग विजारीवरून बांधावयाची गुडघ्यांची कवचे, आणि सवड होईल तेव्हा अंगरखा.

याबाबतीत शासनाने सक्ती करावी काय, असे मला विचारले जाते. बेल्जियमने २०११ मध्ये हातमोजे, पूर्ण बाह्यांचे जॅकेट, पूर्ण विजार आणि घोटे झाकणारी पादत्राणे आवश्यक ठरविली. फ्रान्सने नोव्हेंबर २०१६ पासून प्रमाणित हातमोजे सक्तीचे केले. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ फक्त मस्तकाचा विचार करते. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन असावे असे सांगतो, म्हणजे स्वाराच्या वस्त्रांचा विचार आमच्या नियमांना परका नाही. तरीही ज्या देशात हेल्मेटचीच अमलबजावणी धड होत नाही, तेथे मजुराच्या अंगावर अंगरख्याचा दंड लादण्यास मी अनुमती देणार नाही. माझी मागणी वेगळ्या दिशेची आहे. जे विकतात आणि जे राबवून घेतात, त्यांच्यावर बंधन असावे. १ जून २०२१ पासून भारतीय मानकाचा शिक्का नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकण्यास मनाई झाली; कवचवस्त्र म्हणून जे विकले जाते त्यालाही तसाच शिक्का सक्तीचा असावा, कारण त्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात खास मोटारसायकलसाठी विकलेल्या हातमोज्यांपैकी, जॅकेटांपैकी आणि विजारींपैकी २५ ते ३० टक्के अपघातात फाटले किंवा उसवले असे आढळले, आणि नावापुरते कवच विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. तसेच, ज्या कंपन्या आपल्या पोऱ्यांना आपल्या नावाचे रंगीत शर्ट घालून पावसापाण्यात मिनिटांच्या मुदतीवर धाडतात, त्यांनी त्या शर्टाच्या जागी कोपर-खांद्यांना प्रमाणित कवचे असलेला जाळीचा अंगरखा, हातमोजे आणि बूट स्वखर्चाने दिले पाहिजेत, ते फाटले की बदलून दिले पाहिजेत, आणि त्याची रक्कम त्यांच्या मजुरीतून कापता कामा नये. कारखान्यातल्या कामगाराला हेल्मेट आणि बूट देणे हे मालकाचे कर्तव्य आपण मानतो. रस्ता हाच ज्याचा कारखाना आहे, त्याच्या बाबतीत ते कर्तव्य कमी होण्याचे काही कारण मला सापडत नाही.

आणि जो स्वतः विकत घेणार आहे त्याने एवढे करावे : अंगरखा घालून, दुकानाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीवर बसून, दोन्ही हात मुठींवर ठेवावेत आणि दुसऱ्या कोणाला तरी बाही कोपराजवळ धरून फिरवावयास सांगावे. कवच हाडावरून सरकून बाजूला गेले तर तो अंगरखा कितीही देखणा असला तरी घेऊ नये, लहान मापाचा मागावा. आणि मागच्या आसनावर रोज जी व्यक्ती बसते, तिलाही त्याच वेळी बरोबर नेऊन तिच्या मापाचा पाहावा.